फोन जोडला, पण ‘नो परमिशन्स’? या चुका टाळा

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर अँड्रॉइड अ‍ॅप तयार करणारे अनेक जण फोन आणि संगणक यांत दुवा साधणाऱ्या एडीबी या साधनाची ‘एडीबी डिव्हाइसेस’ ही जोडलेल्या फोनांची यादी दाखवणारी कमांड देतात, पण फोनच्या क्रमांकापुढे काय उमटले आहे ते नीट वाचत नाहीत. ‘अनऑथराइज्ड’ दिसले, तर फोनने संगणकाला अजून परवानगी दिलेली नाही. ‘नो परमिशन्स’ दिसले, तर लिनक्स तुमच्या खात्याला ते यूएसबी उपकरण उघडू देत नाही. यादी रिकामी असेल, तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग सुरू आहे ना ते पाहावे आणि केबल बदलावी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या माझ्या एका केबलवर फोन झकास चार्ज होत असे. तिच्यात डेटाच्या तारा नाहीत, हे कळेपर्यंत अख्खी संध्याकाळ वाया गेली.

‘नो परमिशन्स’ दिसताच ‘सुडो’ लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने, एडीबीचा सर्व्हर सुरू करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. फोन लगेच दिसू लागतो खरा. पण तो सर्व्हर रूटच्या नावाने चालत असल्यामुळे संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की दुखणे जसेच्या तसे परत येते. त्याऐवजी ‘अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ हे पॅकेज घालावे, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या फोनांसाठीचे यूडेव्ह नियम (कोणते उपकरण कोणाला उघडता येईल ते ठरवणारे) आयते मिळतात, आणि आपले खाते ‘प्लगडेव्ह’ गटात टाकावे. गटात टाकताना ‘यूजरमॉड’ या कमांडला मोठ्या लिपीतल्या ‘जी’बरोबर छोटा ‘ए’ द्यायला विसरू नये, कारण तो नसेल तर खाते इतर सर्व जोडगटांतून, अगदी ‘सुडो’ वापरू देणाऱ्या गटातूनही, बाहेर फेकले जाते. गटातील बदल लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्यावरच लागू होतो.

नियम स्वतः लिहायचा असेल, तर ‘एलएसयूएसबी’ या कमांडने कंपनीचा कोड पाहावा (गूगलचा १८डी१, सॅमसंगचा ०४ई८) आणि त्यातील अक्षरे छोट्या लिपीतच लिहावीत. इंटरनेटवरून उचललेल्या नियमांत ०६६६ हा परवानगीचा मोड सर्रास आढळतो. त्याने संगणकावरील प्रत्येक खात्याला तो फोन खुला होतो, म्हणून सामायिक यंत्रावर तो मी तरी वापरणार नाही. नियम पुन्हा लोड केल्यावर केबल काढून परत जोडावी लागते, कारण आधीच जोडलेल्या फोनला नवा नियम आपोआप लागत नाही.

‘अनऑथराइज्ड’वर उपाय सोपा: फोन अनलॉक करून पडद्यावरची परवानगी विचारणारी चौकट स्वीकारावी. मात्र अँड्रॉइड ११पासून सात दिवस न जोडलेल्या संगणकाची परवानगी आपसूक रद्द होते, त्यामुळे गणपतीला कोकणात जाऊन मुंबईला परतलेल्यांनी यूडेव्हला हात लावण्याआधी फोनचा पडदा पाहावा.