वणव्यापुढे तुकडी नेणाऱ्यांनी कसं वाचावं: या चुका टाळा

"डॉजने पोरांना आधी नीट समजावून सांगायला हवं होतं." बैठकीत एका वनरक्षकाने एवढं म्हटलं, हातातल्या कागदांची घडी केली आणि खिशात घातली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पंधरा मिनिटांत आम्ही चहाला उठलो. सगळ्यांनी सगळं वाचलं होतं आणि कुणाच्याच हाती काही लागलं नव्हतं.

वाचत होतो मॅन गल्चची हकीकत. ५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेतलं मोंटाना राज्य, मिसुरी नदीला मिळणारी एक उभी, गवताळ घळ. विमानातून पॅराशूटने उड्या टाकून वणवा विझवणारे १५ जण तिथे उतरले. त्यांना स्मोकजंपर म्हणतात. खाली एकटाच आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. दोन तासांच्या आत आगीने त्यांना गाठलं आणि १६ पैकी १३ जण गेले. आग अगदी पाठीशी आली तेव्हा तुकडीचा म्होरक्या वॅग्नर डॉज थांबला. त्याने काडी ओढून समोरचं गवत पेटवलं, ते जळून गेलं तशी पोरांना त्या जळलेल्या जागेत बोलावलं आणि ओला रुमाल तोंडाला लावून गरम राखेत पालथा पडला. एकही जण आत आला नाही. डॉज वाचला. दोघे जण माथ्यावरच्या कातळातल्या फटीतून पलीकडे निसटले.

वणव्याशी लढणाऱ्यांच्या नेतृत्वशिक्षणात वाचनाला अमेरिकेत मानाचं स्थान आहे. तिथल्या प्रशिक्षणात वाचनयाद्या आहेत, वाळूच्या पाटावर डोंगर रचून केलेले सराव आहेत, जुन्या दुर्घटनांच्या जागी जाऊन केलेला अभ्यास आहे. आपल्याकडे वनरक्षक, वनपाल, हंगामी मजूर आणि सह्याद्रीत मदतीला धावणारी ट्रेकर मंडळी यांच्यापर्यंत यातलं फार थोडं पोचलंय. म्हणून आम्ही छोट्या बैठका सुरू केल्या. त्यांत ज्या चुका झाल्या त्या इथे मांडतो. पहिलीवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघतात.

शेवट माहीत असताना वाचणं

हकीकत सलग वाचली की आपण वरून, विमानातून बघितल्यासारखं बघतो. कुठे आग आहे, कोण कुठून पळणार, कोण पडणार, सगळं ठाऊक असतं. डॉजला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून "त्याने असं करायला हवं होतं" हे वाक्य इतकं सहज तोंडातून निघतं, आणि ते निघालं की डोकं काम करायचं थांबतं.

उपाय साधा आहे, पण तयारी लागते. हकीकतीचे तुकडे करा आणि जिथे जिथे निर्णय घ्यावा लागला तिथे पान संपवा. पुढचं पान कुणाच्या हाती देऊ नका. मॅन गल्चसाठी आम्ही पाच थांबे ठरवले.

पहिला थांबा: सामान टाकताना रेडिओचं पॅराशूट उघडलं नाही, रेडिओ फुटला. आता बाहेरच्या जगाशी बोलणं नाही. पुढे जायचं?

दुसरा: तुकडीला आग किरकोळ वाटते, उद्या सकाळी दहापर्यंत आटोक्यात येईल असा सगळ्यांचा अंदाज. म्होरक्या तुकडीला नदीच्या दिशेने पाठवून स्वतः परत वळतो आणि दोन घास खातो. तुकडी विखुरते. एक जण चालता चालता फोटो काढतोय. म्होरक्याच फिकीर करत नाही, तर आग गंभीर आहे असं पोरांनी का मानावं?

तिसरा: म्होरक्या पुढे येतो आणि त्याला दिसतं की आगीने घळ ओलांडली आहे, नदीची वाट बंद झाली. तो तुकडीला उलट, चढाकडे फिरवतो. चौथा: "अवजारं टाका." पाचवा: काडी.

प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: मला आत्ता काय दिसतंय, आणि मी नेमक्या कोणत्या शब्दांत काय सांगेन. 'शब्दांत' हे महत्त्वाचं. "मी तुकडीला सावध करीन" असं लिहिलं की मी कागद परत देतो. काय ओरडशील ते लिही. चढावर, धुरात, आगीच्या आवाजात ते चार शब्दांत बसतं का बघ.

दुसऱ्या वेळी त्याच वनरक्षकाने पाचव्या थांब्यावर लिहिलं, "आत या, जळालेल्या जागेत या." मग बराच वेळ तो त्या कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, मी पळत असतो आणि पुढचा माणूस गवत पेटवायला लागला असता, तर मी तरी ऐकलं असतं का?"

त्या प्रश्नावर आम्ही दीड तास बसलो. कुणीतरी मागच्या पानांतून काढलं की त्या मोसमात डॉजला तळावर देखभालीच्या कामाला ठेवलं होतं, या पोरांबरोबर त्याचा पुरेसा सराव झालाच नव्हता. पोरं चांगली होती, तोही अनुभवी होता, पण एकमेकांना ते ओळखत नव्हते. आगीपुढे शब्दाला वजन येतं ते आधीच्या महिन्यांत एकत्र काढलेल्या दिवसांतून. एप्रिलच्या उन्हात विश्वास मागायचा असेल तर जानेवारीत जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत आधीच काढून टाकलेला पट्टा) काढताना तुकडीबरोबर राबावं लागतं. हे मी सांगितलं नाही. ते त्यांच्यातूनच आलं, म्हणून टिकलं.

आणखी एक. मॅन गल्चमधलं उभं वाळलेलं गवत आणि उभा चढ हे आपल्याला परकं नाही. मार्चमध्ये सह्याद्रीच्या कुठल्याही सोंडेवर उभे राहा. चढावर आग माणसापेक्षा वेगाने वर धावते, हे बैठकीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

गुन्हेगार शोधत वाचणं

६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर, साउथ कॅन्यनच्या आगीत, १४ जण गेले. त्यांतले नऊ जण ओरेगनच्या प्राइनव्हिल हॉटशॉट या एकाच तुकडीचे. वणव्याशी लढणाऱ्या खास प्रशिक्षित तुकड्यांना हॉटशॉट म्हणतात. चौकशीत निघालं की अग्निशमनाच्या दहा ठरलेल्या आदेशांपैकी आठ आणि धोक्याच्या अठरा खुणांपैकी बारा दुर्लक्षित राहिल्या होत्या.

हे आकडे बैठकीत ठेवले की लोक लगेच मोजायला बसतात. कुठला नियम मोडला, कुणी मोडला. पण एवढी अनुभवी माणसं एवढ्या खुणा ओलांडून कशी गेली, याचं उत्तर त्या यादीत मिळत नाही. त्यासाठी बारीक वाचावं लागतं. दुपारी जोराचा वारा घेऊन थंड हवेचा पट्टा येणार हा इशारा डोंगरावरच्या माणसांपर्यंत पोचला नव्हता. उतारावरून खालच्या दिशेने आग अडवायची रेषा काढत नेणं सुरू होतं. झुडपं दाट, त्यामुळे खालचं दिसत नव्हतं. आधीचे काही तास काहीच वाईट घडलं नव्हतं, आणि काही घडत नाही तोवर माणसाला आपलं बरोबरच चाललंय असं वाटतं.

आम्ही आता एक प्रश्न बैठकीत आणूच देत नाही: "त्यांनी असं का केलं नाही?" त्याच्या जागी विचारतो, "त्या क्षणी त्यांना हेच बरोबर का वाटलं?" या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला स्वतःच्या मागच्या मोसमातले दिवस आठवतात.

त्याच आगीतून वाचलेल्या एकाने सांगितलेली गोष्ट मी दरवेळी वाचून दाखवतो. आग मागे लागलेली, तो चढावरून वर पळतोय आणि मध्येच त्याच्या लक्षात येतं की खांद्यावर अजून चेनसॉ आहे. मग तो ती करवत जळणार नाही अशी जागा शोधू लागतो. जीव वाचवायचे ते क्षण, आणि तो करवतीसाठी जागा शोधतोय. काही मृतांच्या हातातही अवजारं तशीच होती, पाठीवर पिशव्या होत्या. मिशिगनचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी यावर लिहिलंय की अवजार टाकणं म्हणजे आपण कोण आहोत तेच टाकणं, म्हणून ते इतकं जड जातं.

हे वाचल्यावर मी विचारलं, "तुझ्या पाठीवर ब्लोअर आहे, मी ओरडलो टाक म्हणून, टाकशील?" (ब्लोअर म्हणजे हवेच्या झोताने पालापाचोळा बाजूला सारणारं यंत्र.) सगळे गप्प. मग एक हंगामी मजूर हळूच म्हणाला, "आणि नंतर जाब कोण देणार?" ही भीती कुठल्याही नियमपुस्तकात नसते. तुकडी घेऊन जाणाऱ्याने ती सकाळीच, निघण्याआधी संपवायची असते: "टाक म्हटलं की टाकायचा. जाब मी देईन." आमच्या एका वनपालाने हे वाक्य आता निघण्यापूर्वीच्या सूचनांत घातलंय.

एकाच अहवालावर विसंबणं

३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल हिल इथे ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉटचे १९ जण गेले. ते आधी जळून गेलेल्या, सुरक्षित भागात होते. तिथून ते एका शेतघराकडे निघाले. वादळातून सुटलेल्या वाऱ्याने आग उलटवली आणि झुडपांनी भरलेल्या खोलगट भागात ते अडकले. सप्टेंबरमध्ये आलेल्या पहिल्या चौकशी अहवालात हलगर्जी किंवा नियमभंग आढळला नाही असं म्हटलं होतं. डिसेंबरमध्ये त्याच राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने वनखात्यावर ५,५९,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला.

एक प्रसंग, दोन सरकारी कागद, दोन वेगळे निष्कर्ष. एकच वाचून बैठक घेतली तर तुम्ही एका बाजूची मतं वाटत बसता. दोन्ही शेजारी ठेवा आणि कुठे कुठे फरक पडतो तिथे पेन्सिलने खूण करा. ती माणसं सुरक्षित जागा सोडून का निघाली, हे सांगायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. तिथे चर्चा थांबवून "हे माहीत नाही" असं लिहायला शिकणं हाही सरावच आहे. आगीवर असताना न दिसणारी बाजू मनानेच भरून काढायची सवय जीव घेते.

साहेबाने आधी बोलणं

ही चूक माझी. पहिल्या काही बैठकांत मीच आधी मत मांडायचो, मग सगळे त्याभोवती फिरायचे. आता उलटं करतो. सर्वांत नवा माणूस आधी, मी शेवटी, आणि कधी कधी मी बोलतच नाही. अमेरिकेत प्रत्येक कामानंतर जो आढावा घेतात त्याचे चार प्रश्न आहेत: काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. आग विझल्यावर डबे उघडण्याआधी दहा मिनिटांत हे होतं. हुद्दा बाजूला ठेवला तरच होतं.

एवढं करूनही कुणी बोलत नसेल, तर आधी लिहून घ्या आणि कागद गोळा करून नाव न घेता वाचा. मजुरांपैकी काहींना लिहिता येत नसेल तर जोडीने बसवा, एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकदा तर कागद बाजूला ठेवून जमिनीवर काठीने डोंगर काढला आणि खडे ठेवले. त्या दिवशी सर्वांत जास्त बोलणं झालं.

नियम पाठ करून समाधान मानणं

दहा आदेश १९५७ सालचे. ते पाठ असलेली माणसंही आगीत गेलीत. १९९१ मध्ये हॉटशॉट तुकडीचे प्रमुख पॉल ग्लीसन यांनी चार गोष्टींवर बोट ठेवलं: टेहळणी, संपर्क, निसटायची वाट, सुरक्षित जागा. चारच असल्यामुळे त्या धुरातही आठवतात. पण वाचून झाल्यावर प्रत्येकाला विचारा, तुझ्या बीटमध्ये, म्हणजे तुझ्या वाट्याच्या जंगलात, या चार गोष्टी कुठे आहेत? नकाशावर बोट ठेवून दाखव. बोट डगमगलं तर वाचन अजून अर्धंच झालंय.

फक्त मोठ्या दुर्घटना वाचणं

सतत मृत्यूच वाचले तर लोक खचतात किंवा कोडगे होतात. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांतून शिकायला जास्त मिळतं, कारण सांगणारा समोर बसलेला असतो. त्यासाठी खिशात वही ठेवा. संध्याकाळी चार ओळी पुरतात: वारा कुठून होता, मी काय समजलो, काय सांगितलं, कुणी ऐकलं नाही. 'काम व्यवस्थित पार पडलं' ही ओळ लिहायची नाही, तिच्यातून काहीच कळत नाही.

आपल्या देशातल्या घटनांची कात्रणंही ठेवा. १६ फेब्रुवारी २०२० रोजी केरळात त्रिशूर जिल्ह्यात आग विझवताना तीन वनपहारेकरी गेले. १३ जून २०२४ रोजी अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वनकर्मचारी आगीत सापडले, चार जण तिथेच गेले. ही आपल्यासारख्याच गणवेशातली, आपल्यासारख्याच पगारातली माणसं होती. त्यांच्याविषयी वाचताना मोंटानाचं अंतर उरत नाही.

वाचून डोंगरावर न जाणं

अमेरिकेत याला स्टाफ राइड म्हणतात. आधी घरी अभ्यास, मग त्या जागी चालत जाणं, मग बसून त्याचा अर्थ लावणं. मोंटानाला जायची गरज नाही. मागच्या मोसमात तुमच्याच हद्दीत जळलेली सोंड निवडा. तिथे होते त्यांना आपापल्या जागी उभं करा. वरचा खालच्याला दिसतो का? हाक ऐकू जाते का?

आम्ही तसं केलं. तो वनरक्षक माझ्याबरोबर होता, ज्याने पहिल्या दिवशी कागद खिशात घातले होते. त्याने घड्याळ लावलं आणि सोंडेच्या पायथ्यापासून मागच्या वर्षीच्या काळ्या पट्ट्यापर्यंत, पाठीवर ब्लोअर घेऊन, पळत गेला. मग खाली आला, ब्लोअर जमिनीवर ठेवला आणि पुन्हा पळाला. धापा टाकत दोन्ही वेळा वहीत लिहिल्या आणि वही तुकडीतल्या सर्वांत नव्या पोराच्या हातात दिली. "आता तू पळ," म्हणाला. "मी इथून ओरडतो. ऐकू येतं का सांग."