चिनी ऊलाँग चहा घरी कसा करावा

आपल्या रोजच्या चहात सीटीसीचे बारीक दाणे असतात. ते दुधात चांगले उकळले, तरच रंग आणि कडकपणा येतो. चिनी चहाची अख्खी पानं अशी उकळली तर कडू पाणी हाती लागतं आणि बोल चहाला बसतो.

चीनमध्ये चहाचे सहा प्रकार मानतात: हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, लाल (आपण त्याला काळा म्हणतो) आणि गडद. झाड एकच, फरक पडतो तोडणीनंतर पानाचं काय केलं त्यावर. शिकणाऱ्याने ऊलाँगपासून, म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधल्या चहापासून, सुरुवात करावी, असं माझं मत. हिरवा चहा पाणी जरा जास्त तापलं तरी बिघडतो आणि पिकवलेल्या पू-अरचा (हा गडद चहा) मातकट वास पहिल्याच घोटाला अनेकांना नको होतो. ऊलाँग मात्र नवख्याच्या बऱ्याच चुका पोटात घालतो.

खरेदी. फूच्यान प्रांतातल्या आन्शीचा थिएग्वानयिन हा ऊलाँग घ्या. त्याची पानं घट्ट वळून गोळ्या केलेली असतात. हिरवट थिएग्वानयिनला फुलांचा वास येतो. भाजका वास आवडत असेल तर त्याच प्रांताच्या उत्तरेकडच्या वूयी डोंगरातला ‘खडकी चहा’ घ्या, त्याची पानं काळपट आणि लांब पिळाची असतात. दा होंग पाओ हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्याची कड्यावरची मूळ झुडपं आता संरक्षित आहेत आणि 2006 पासून त्यांची तोडणी बंद आहे. त्यामुळे ‘मूळ झाडाचा’ म्हणून कोणी विकत असेल तर दुकान बदला. बाजारात मिळतो तो कलमांचा नाहीतर मिश्रणाचा, आणि तो उत्तम असू शकतो. पाकिटावर गाव आणि हंगाम लिहिलाय का ते बघा. थिएग्वानयिनच्या बाबतीत वसंतातला चहा चवीला भरीव आणि शरदातला वासाला सरस मानतात. पहिल्यांदा 25 ते 50 ग्रॅम पुरे. डब्याच्या नक्षीचे पैसे देऊ नका.

भांडी. गायवान म्हणजे वाटी, झाकण आणि बशी. 100 ते 120 मिलीचा, साध्या पांढऱ्या चिनी मातीचा घ्या. यीशिंगच्या मातीची सुंदर किटली नंतर बघू: ती वास धरून ठेवते, म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. शिवाय नकली माल फार. सोबत एक छोटा काचेचा जग, गाळणी आणि दोन-तीन घोटांचे पेले असावेत.

पाणी. इथे हयगय नको. बोअरच्या क्षारांच्या पाण्यात सुवास दबतो आणि वर तवंग येतो. गाळलेलं पाणी घ्या, खळखळून उकळा आणि लगेच वापरा. ऊलाँगला 95 अंशांच्या वरचंच पाणी लागतं.

कृती. आधी गायवानमध्ये उकळतं पाणी फिरवून ओता. गरम वाटीत 5 ते 7 ग्रॅम पानं टाका, झाकण लावून हलकेच हलवा आणि उघडून वास घ्या. कोरड्या पानाचा खरा वास इथेच कळतो. पाणी घालून पाच सेकंदांत ते फेकून द्या, गोळ्या सैल होतात. आता पहिला हात, म्हणजे पानांवर पाणी घालून चहा काढण्याची पहिली खेप: पाणी घाला, गोळ्यांच्या चहाला वीसेक सेकंद, लांब पानांना दहा-पंधरा. अंगठा आणि मधलं बोट कडेला, तर्जनी झाकणाच्या गुंडीवर, झाकण किंचित तिरकं. असं धरून सगळा चहा जगात ओता. वाटी काठोकाठ भरली तर बोटं भाजणारच, म्हणून कडेच्या खाली थांबा. तळाशी चहा उरू देऊ नका, पुढचा हात त्यानेच कडवट होतो.

तीच पानं पुन्हा. दुसऱ्या हाताला तेवढाच वेळ, कारण पानं आता उघडलेली असतात. तिथून पुढे दरवेळी पाच-दहा सेकंद वाढवत न्या. चांगला ऊलाँग सहा-सात हात सहज देतो. कडू झाला तर आधी वेळ कमी करा, मग पानं. पाणी कोमट करू नका, त्याने सुवासही जातो.

आस्वाद. झाकणाची आतली बाजू हुंगा, तिथला वास दर हाताला बदलतो. घोट जिभेवर पसरवा आणि गिळल्यावर थोडं थांबा. घशातून गोडवा परत वर आला, तर चिनी लोक त्याला ह्वेईगान म्हणतात. वूयीच्या चहात दगडी, खनिज अशी चव शोधतात. ती पहिल्या हातापेक्षा तिसऱ्या-चौथ्यात स्पष्ट मिळते. शेवटी पानं बशीवर पसरून बघा. पारंपरिक ऊलाँगच्या अख्ख्या पानाची कड तांबूस आणि मधला भाग हिरवा दिसतो. नुसता चुरा निघाला, तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घ्या.

साठवण. हिरवट थिएग्वानयिन हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. भाजलेला चहा बाहेर टिकतो, फक्त मसाल्याच्या डब्यांपासून लांब ठेवा.

हे जमलं की ग्वांगदोंगमधल्या चाओचौकडचा दानत्सोंग हा ऊलाँग आणा. त्याचा सुवास जबरदस्त, पण पाच सेकंद जास्त झाले की तो लगेच कडवट होतो.