अपेंडिक्स अकराव्या ओळीत

नवखी रेडिओलॉजिस्ट असताना माझे रिपोर्ट दीड-दीड पानाचे असायचे, आणि मला त्याचा अभिमानही होता. एका रात्री पोटदुखीच्या पेशंटचा सीटी रिपोर्ट पाठवला आणि दहा मिनिटांत सर्जनचा फोन आला. "मॅडम, सगळं वाचलं. पण अपेंडिक्सला सूज आहे की नाही?"

होती की! लिहिलंही होतं, लिव्हर, स्प्लीन, पॅनक्रियाज, दोन्ही किडन्या झाल्यावर अकराव्या ओळीत. इम्प्रेशनमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या निष्कर्षात, मात्र 'उजव्या इलियाक फॉसात दाहाचे बदल, क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या भागात सूज, पेशंट तपासून ताडून बघा. तो बिचारा पोट तपासूनच तर सीटीकडे आला होता. त्याचा प्रश्न मी त्यालाच परत पाठवला होता.

तेव्हापासून फिल्म बघण्याआधी मी रिक्वेस्ट फॉर्म वाचते. त्यावर नुसतं 'पोटदुखी' असेल तर फोन करते: कुठे दुखतंय, किती दिवस, आधी काही ऑपरेशन? मग सगळा स्कॅन नीट बघून झाला की बाकी काही टाइप करण्याआधी इम्प्रेशनची पहिली ओळ लिहिते, आणि ती विचारलेल्याचं उत्तरच असते. त्या रात्रीचा रिपोर्ट आज असा लिहीन: 'तीव्र अपेंडिसायटिस. अपेंडिक्स 11 मिमी, सीकमच्या मागे. आत खडा आहे. फुटल्याची खूण नाही, पू साठलेला नाही.' यातला प्रत्येक शब्द सर्जनच्या कामाचा. खडा असेल तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागवायला तो कचरतो. अपेंडिक्स सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागे असेल तर आत शिरताना कुठे शोधायचं ते कळतं. लिव्हर नॉर्मल आहे हे खाली राहू द्या, ते तिथे सुखी आहे.

विचारणारा बदलला की उत्तरही बदलतं. युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, खडा दिसला तर 'खडा आहे' एवढ्याने युरोलॉजिस्टचं भागत नाही. किती मिमी, नेमका कुठे, वरची किडनी फुगली आहे का, आणि घनता किती हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक)? 5 मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआप पडतात. 1000 युनिटच्या वर गेलेला खडा शॉकवेव्हने फोडायला कठीण जातो. म्हणजे त्याचा पुढचा निर्णय या आकड्यांवरच ठरणार.

अनिश्चितता लपवू नका, पण तिला दिशा द्या. 'नाकारता येत नाही' हा शब्दप्रयोग मी जवळजवळ टाकून दिलाय. त्याऐवजी कोणती शक्यता जास्त वाटते, का वाटते आणि कोणत्या तपासणीने उलगडा होईल, ते लिहा. फुप्फुसातल्या गाठीला 'फॉलो-अप करावा' म्हणायचं असेल तर कधी, तेही सांगा. छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीच्या 2017 च्या सूचनांप्रमाणे, धोका कमी असलेल्या माणसात 6 मिमीपेक्षा लहान, घन, एकट्या गाठीला नेहमीचा फॉलो-अप लागत नाही. 6 ते 8 मिमीची असेल तर 6 ते 12 महिन्यांनी सीटी. मात्र या सूचना कॅन्सरच्या पेशंटसाठी नाहीत, आणि पस्तिशीच्या आतल्यांसाठीही नाहीत. हे विसरून आकडे चिकटवणारे मी पाहिलेत.

जुना स्कॅन असेल तर त्याची तारीख लिहा आणि दोन्ही मापं शेजारी ठेवा. 'किंचित वाढ' म्हणजे किती, ते ऑन्कोलॉजिस्टने अंदाजाने ओळखायचं का?

टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठून दाब वाढणं), मेंदूतला रक्तस्राव, फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) अशा वेळी आधी फोन, मग रिपोर्ट. कोणाशी, किती वाजता बोललात हे रिपोर्टमध्येच नोंदवा.

सही करण्याआधी डावं-उजवं आणि 'नो' पुन्हा तपासा. डिक्टेशनच्या सॉफ्टवेअरने एकदा माझा 'नो' गिळला आणि रिपोर्टमध्ये उरलं 'एव्हिडन्स ऑफ न्यूमोथोरॅक्स'. वॉर्डमधले डॉक्टर छातीतली हवा काढणाऱ्या चेस्ट ट्यूबची तयारी करूनच फोनवर आले होते. तेव्हापासून मी 'न्यूमोथोरॅक्स: ॲबसेंट' असं बोलते. कानाला रुक्ष लागतं, पण गिळायला अवघड आहे.