व्हिक्टोरियन घर घेतलंय? मग ओल कोंडणाऱ्या या चुका टाळा

इंग्लंडात घर बघायला निघालं की आपल्या माणसांना व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, व्हिलाची भुरळ पडतेच. पुढे आलेली बे विंडो, दारातल्या नक्षीच्या फरशा, उंच छत. पहिला हिवाळा येतो, भिंतीला ओल दिसते आणि मग खरा घोळ सुरू होतो, कारण आपण ते घर नव्या घरासारखं दुरुस्त करायला जातो.

ही भिंत साधारण 9 इंची, सलग विटांची असते. मध्ये पोकळी नाही. पाऊस विटेत थोडा शिरतो आणि दरजांतल्या मऊ चुन्यातून परत सुकून जातो. वाईच्या आमच्या वाड्याचा गवंडीही चुनाच वापरायचा, त्यामुळे मला हे लवकर कळायला हवं होतं. पण घर घेतल्यावर मी मुकाट्याने सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. दिसायला झकास! तीन हिवाळ्यांत विटांची तोंडं पापुद्र्यांसारखी सुटून खाली पडायला लागली. सिमेंटमधून वाट मिळेना, म्हणून पाणी विटेतच अडकलं आणि गोठून फुगलं.

दरजेत काय आहे ते ओळखायला किल्ली पुरते. चुना असेल तर खरवडल्यावर भुगा पडतो, सिमेंट असेल तर किल्ली घसरते. सिमेंट काढायचं तर छिन्नी-हातोडीने, सावकाश. ग्राइंडर विटांच्या कडा खातो. भरायला चुना आणि खरबरीत वाळू. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर हे काम काढूच नका, आणि उन्हावाऱ्याच्या दिवसांत भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टाका. स्लॅबवर टाकतो तसंच.

आतल्या बाजूला ओल दिसली की लगेच भिंतीत भोकं पाडून रसायन भरून घेऊ नका. तपासायला येणारा माणूस दोन सुयांचं मीटर गिलाव्यात खुपसतो, आकडा चढतो आणि हजारो पौंडांचं अंदाजपत्रक हातात पडतं. ते मीटर मुळात लाकडासाठी आहे. गिलाव्यात क्षार असले तरी आकडा चढतो. त्याआधी घराभोवती एक चक्कर मारा, तीही भर पावसात. गळकी पन्हळ, फुटका पाइप, भिंतीला टेकवलेली माती यातलंच काहीतरी सापडतं. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा निदान 150 मिमी खाली हवी.

तिथेच खाली जाळीच्या विटा दिसतील. तळमजल्याची लाकडी जमीन अधांतरी असते आणि या जाळ्यांतून तिच्याखाली वारा खेळतो. आमच्या आधीच्या मालकाने अंगणात फरशी घालताना त्या बुजवल्या होत्या. आम्ही बैठकीतली एक फळी उचलली तर तळघरासारखा कुबट वास आला. वाशाचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो भिजलेल्या पावात घुसावा तसा आत गेला. चार वासे बदलावे लागले. थंडी वाजते म्हणून या जाळ्या कधीही बंद करू नका. उबेसाठी वाशांच्या मधे लोकर भरता येते.

खिडक्यांचं थोडक्यात. काचेवरचा कर 1845 साली आणि खिडकीकर 1851 साली उठला, म्हणून या घरांना एवढ्या मोठ्या काचा. वरखाली सरकणारी खिडकी अडली की ती बिघडली असं समजून लोक प्लॅस्टिकची बसवतात. बहुतेक वेळा रंगाचे थर चिकटलेले असतात किंवा चौकटीत लपलेल्या वजनाचा दोर तुटलेला असतो, आणि ते काम सुताराचं. मात्र दुहेरी काच बसवली तर वजनंही वाढवा, नाहीतर खिडकी वर थांबणारच नाही.

छपरावर स्लेटऐवजी काँक्रीटची कौलं घालण्याआधी वाशांना तो भार झेपेल का, हे इंजिनिअरला विचारा.

शेवटचं धुराड्याचं. न वापरलेलं धुराडं पक्कं बुजवू नका, खाली वर हवेला वाट ठेवा. आणि घर घेण्याआधीच हे बघा: खालच्या खोलीतलं शेकोटीचं बांधकाम जागेसाठी काढलेलं आहे आणि वरच्या मजल्यावरचं तसंच आहे का? असेल तर वरच्या कित्येक टन विटा कशावर उभ्या आहेत ते विचारा आणि बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम नियमांत बसतं का हे तपासणाऱ्यांचा, दाखला मागा. दाखला नसेल तर किंमत पाडून मागा, नाहीतर दुसरं घर बघा.