लेख का चालला, का पडला: आकडे बघताना या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी आपल्या ब्लॉगच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट पाठवतं. सोबत एकच प्रश्न: "हा एवढा चालला, मग तो का पडला?" पडलेल्या लेखावर जास्त मेहनत घेतलेली असते, हेही आवर्जून सांगतात. मी बरीच वर्षं पाककृतींचा ब्लॉग चालवते आहे. या प्रश्नामागच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलेली आहे.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे इंग्रजी महिन्याची इंग्रजी महिन्याशी तुलना. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मी सर्च कन्सोल (गूगल शोधातून कोणत्या पानावर किती लोक आले ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं आणि मागच्या ऑक्टोबरशी ताडून पाहिलं. भाजणीच्या चकलीचा लेख आपटला होता. मी घाबरले. गूगलने काहीतरी बदललं असणार, लेख शिळा झाला असणार, असं ठरवून एका रात्रीत जुना लेख उडवला आणि नव्या पत्त्यावर नवा टाकला. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारा रीडायरेक्टसुद्धा लावला नाही.

पंचांगाकडे मात्र बघितलं नाही. 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. 2023 मध्ये त्याच तारखेला दसरा! अधिक श्रावणामुळे दिवाळी 12 नोव्हेंबरला गेली होती. लोकांनी भाजणीच दळून आणलेली नव्हती, तर चकली कोण शोधणार? आणि नोव्हेंबरात शोधायला लागले, तेव्हा जुन्या लिंकवर 404 चं, म्हणजे "पान सापडत नाही" सांगणारं पान. काकवा-मावश्यांनी वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली लिंक ती. ऐन फराळाच्या दिवसांत मी ती स्वतःच्या हाताने तोडली होती.

गंमत म्हणजे त्याच वर्षी अनारशांचा लेख जुलै-ऑगस्टमध्ये जोरात चालला. मी त्याचं श्रेय नव्या फोटोंना देऊन मोकळी झाले होते. अधिक महिन्यात जावयाला 33 अनारसे द्यायचे असतात, हे आईने सांगितल्यावर लक्षात आलं.

तेव्हापासून मी सण धरून मोजते: लक्ष्मीपूजनाआधीचे 21 दिवस, या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे. सर्च कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं काही दाखवत नाही, म्हणून दर दिवाळीनंतर आकडे शीटमध्ये उतरवून ठेवते. कंटाळवाणं काम आहे. ज्यांना ते नको असतं, तेच पुढच्या वर्षी "अल्गोरिदम बदलला का हो?" विचारतात.

आता फुटकळ चुका. चार वर्षांच्या लेखाशी चार आठवड्यांच्या लेखाची बरोबरी करू नका. दोघांचे पहिले 28 दिवस घ्या. स्वतःच्या भेटी मोजल्या जाणार नाहीत अशी सेटिंग करा. अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे भेटी मोजणाऱ्या साधनात, "डायरेक्ट" (कुठून आले ते न कळलेले वाचक) दिसतं, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली बरीच मंडळी असतात, त्यामुळे "लोक पत्ता पाठ करून येतात" या समजात राहू नका. आणि गूगल शोधातला सरासरी क्रमांक घसरला म्हणून रडू नका. लेख नव्या शोधांसाठी चाळिसाव्या जागी दिसू लागला की सरासरी बिघडते, क्लिक वाढत असले तरी.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे मथळ्याच्या मागे लागणं. लेख पडला की मथळा बदल, दोन दिवसांनी परत बदल. अहो, दोन दिवसांत काय कळणार? भाजणीसुद्धा निवायला वेळ घेते. त्याऐवजी त्या पानाचे शोधशब्द उघडा. माझ्या चकलीच्या लेखावर लोक कृतीसाठी कमी आणि तक्रार घेऊन जास्त येत होते: चकली मऊ का पडते, तेलात का विरघळते. तेही बऱ्याचदा रोमन अक्षरांत टाइप करून. मी मात्र आजीच्या जात्याच्या आठवणी आधी लिहिल्या होत्या, आणि "मोहन जास्त झालं की विरघळते, मोठ्या आचेवर घाईने तळली की आतून मऊ राहते" हे शेवटी दोन ओळींत उरकलं होतं. आता ते सुरुवातीला आहे आणि सविस्तर आहे. आजी खाली गेली. वाईट वाटलं, पण कढईसमोर उभ्या असलेल्या बाईला तेव्हा जातं नको असतं.

आणि हो, 2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून, म्हणजे अनारसे उन्हाळ्यात आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. तेव्हा ऑक्टोबरचा स्क्रीनशॉट कृपया मला पाठवू नका.