मंदीच्या दिवसांत मालकासमोर खरं कसं मांडावं

सोलापुरात टॉवेलच्या ऑर्डरी घटल्या की माग थांबायच्या आधी बातम्या धावू लागतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर नेला, हे जगजाहीर होतं. "दिवाळीनंतर आपला कारखाना बंद" हा अंदाज असतो. "पीएफ मालकानं खाल्ला" हा आरोप असतो. या तिन्ही गोष्टी एका दमात बोलल्या गेल्या की मालक त्यातली सगळ्यात कच्ची गोष्ट धरतो, तेवढी खोडतो आणि उरलेल्या खऱ्या गोष्टींचं उत्तर द्यायचं टाळतो. म्हणून तोंड उघडण्याआधी या गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

शंभर पानी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: स्वतः पाहिलं, कागदावर आहे, दुसऱ्याकडून ऐकलं. प्रत्येक नोंदीला तारीख आणि पाळी लिहा. "बारापैकी चार माग सोमवारपासून बंद" ही पहिल्या रकान्यातली नोंद. "माल गोदामात पडून आहे असं ड्रायव्हर म्हणाला" ही तिसऱ्या. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट मालकाला विचारायची असते, सांगायची नसते. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही टाकू नका. एकदा फिरली की परत घेता येत नाही, आणि कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या गुंडाळ्या) भरणारी एखादी अक्का तेवढ्यावरून काम सोडून बसते.

सगळ्यात जास्त घोळ पीएफचा, म्हणजे भविष्य निधीचा होतो, त्यामुळे तो नीट समजून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये असतील, तर तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकानेही तितकेच भरायचे असतात. पण त्याच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे साधारण १,००० रुपये पेन्शन खात्यात जातात आणि ४४० रुपये पीएफमध्ये. पासबुकात त्यामुळे १,४४०, ४४० आणि १,००० असे तीन आकडे दिसतात. ४४० बघून "मालकानं हजार रुपये मारले" असं भर कारखान्यात ओरडणारे भेटतात. आरोप खोटा ठरतो आणि पुढच्या वेळी खऱ्या तक्रारीलाही कुणी उभं करत नाही.

दुसरी चूक घाईची. जूनच्या पगाराचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो, आणि भरल्यावरही पासबुकात दिसायला काही दिवस लागतात. जुलै संपेपर्यंत थांबा, मगच बोला. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शेवटची जमा आणि शिल्लक यांचा मेसेज येतो; यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू आणि केवायसी (ओळखीची कागदपत्रं) जोडलेली असावी लागते. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पूर्ण पासबुक दिसतं. कारखाना बदलताना काहींचे दोन यूएएन तयार झालेले असतात आणि पैसे दुसऱ्याच खात्यात साठत राहतात. तेही आधी तपासा. एवढं करूनही दोन-तीन महिन्यांच्या रकान्यात काहीच नसेल आणि पगारपत्रकात कपात दिसत असेल, तर तुमचं म्हणणं पक्कं आहे. मग कचरायचं कारण नाही.

पगाराचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. आठवड्याचा हिशेब असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, सुट्टीच्या आधी. कामावरून कमी केलं किंवा कारखाना बंद झाला, तर दोन कामकाजाच्या दिवसांत. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तारीख माहीत असली की आवाज चढवावा लागत नाही.

आता बोलण्याचं. एकट्याने जाऊ नका, वीस जणही नेऊ नका, तिघं पुरे. त्यात कांडीवरची एक बाई असावी, कारण त्यांचे पैसे कमी असले तरी त्यांचाच हिशेब सगळ्यात ढिला ठेवलेला असतो. अंगावर मोठी उचल असलेल्याला पुढे करू नका, पहिलं उत्तर उचलीवरूनच येईल. बाकीच्यांनीही आपापली उचल आणि खाडे आधी लिहून न्यावेत आणि स्वतःहून सांगावेत. आपल्या बाजूचं उणं आपणच मांडलं की समोरच्याच्या हातात ते हत्यार राहत नाही. शिवाय ते खरं आहे, एवढंच कारण पुरेसं आहे.

ज्यांच्या वतीने बोलणार त्यांची परवानगी नावानिशी घ्या. "सगळे कामगार म्हणतात" हे वाक्य टाळा. चौदा जण म्हणत असतील तर चौदा म्हणा. अर्ज मराठीत लिहिला असेल तर सही किंवा अंगठ्याआधी तो मराठी नीट न समजणाऱ्यांना तेलुगूत, गरज असेल तिथे कन्नडमध्ये वाचून दाखवा. समजल्याशिवाय घेतलेली सही पहिल्या चौकशीतच फिरते आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो.

व्यापारी बसलेला असताना किंवा पाळी बदलताना मालकाकडे जाऊ नका. दिवाणजी हजर आहेत आणि रजिस्टर उघडता येईल अशी वेळ मागून घ्या. सुरुवात अशी करता येते: "मालक, ऑर्डर कमी आहे हे आम्हालाही दिसतंय. एप्रिल, मे, जूनचा पीएफ कापलाय, पासबुकात आलेला नाही. कधी भरणार, ती तारीख द्या. पुढच्या महिन्यात किती माग चालतील, तेही सांगा, म्हणजे आम्हाला घरचं बघता येईल." यात आरोप नाही, पण पळवाटही नाही. "बघू" असं उत्तर आलं तर "कोणत्या तारखेला येऊ?" एवढंच विचारा. मुकादमावर राग काढू नका. भरणा त्याच्या हातात नसतो. राजीनामा, कोरा कागद किंवा रक्कम न भरलेलं व्हाउचर पुढे आलं, तर "घरी वाचून आणतो" म्हणून थांबा.

दिलेली तारीख टळली की लेखी अर्ज. एका पानाचा, दोन प्रती. वर तारीख, मग महिना आणि कपातीची रक्कम, मग मागणी. "फसवणूक", "लूट" असले शब्द नकोत. आकडाच पुरेसा बोलतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेतली नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट त्यातच मिळवलं आहे. त्यानंतर पीएफची तक्रार भविष्य निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून, आणि पगाराची सहायक कामगार आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात. निनावी पत्राचा फारसा उपयोग होत नाही, कारण यूएएन आणि महिना नसेल तर अधिकाऱ्याला कोणतं खातं तपासायचं तेच कळत नाही.

बोललात म्हणून काम काढून घेतलं जाऊ शकतं, हा धोका बरोबर येणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा आणि माघार घेणाऱ्याला टोमणे मारू नका. पगारपत्रक, हजेरी कार्ड आणि पासबुकाचे फोटो घरच्या कुणाच्या तरी फोनवरही ठेवा.

मालकाने पैसे भरले तर ज्या ग्रुपवर तक्रार सांगितली होती, तिथेच त्याच दिवशी तसं कळवा: कोणत्या महिन्याचे आले, कोणत्या महिन्याचे बाकी आहेत.