नर्सिंगमधून खासदारकीकडे जायचंय? आधी राजीनामा मंजूर करून घ्या

नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा, कुठल्याही वॉर्डात ड्यूटी करून राहिल्या असाल आणि डोक्यात निवडणूक घोळत असेल तर पहिले हे ऐका, नर्स खासदार होऊ शकते. केरळातल्या कोट्टायमचे सोजन जोसेफ इंग्लंडला जाऊन मानसिक आरोग्याचे नर्स म्हणून राबले, आधी नगरसेवक झाले आणि 2024 ला अ‍ॅशफर्डमधून डॅमियन ग्रीनसारख्या मुरलेल्या माणसाला पाडून खासदार. अमेरिकेत एडी बर्निस जॉन्सन डॅलसच्या सरकारी हॉस्पिटलात मनोरुग्ण विभागाच्या मुख्य नर्स होत्या, 1972 ला टेक्सासच्या विधिमंडळात आणि 1992 ला थेट काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेत. आपल्या किशोरी पेडणेकरही नर्सच, मुंबईच्या महापौर झाल्या आणि 2020 च्या कोरोनात युनिफॉर्म चढवून नायर हॉस्पिटलात गेल्या. जॉन्सनबाईंची 1972 ते 1992 मधली वीस वर्षं पाहा, एका उडीत कोणी वर गेलं नाही.

आता जिथे मी अडकले ते. विधानसभेला अपक्ष फॉर्म भरला, राजीनामा कधीचाच दिला होता, पण मंजुरीचं पत्र छाननीपर्यंत आलंच नाही आणि अर्ज बाद. अजूनही आठवलं की जीव जळतो.

नीट समजून घ्या. राजीनामा देणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं. मंजूर होईपर्यंत तुम्ही सरकारी नोकरच, म्हणजे लाभाचं पद, आणि लाभाच्या पदावर असलेला माणूस राज्यघटनेच्या कलम 102 प्रमाणे लोकसभेला आणि 191 प्रमाणे विधानसभेला अपात्र. पात्रता बघतात ती छाननीच्या तारखेला, मतदानाच्या नाही, त्यामुळे "तोवर येऊन जाईल पत्र" हे कोणी म्हटलं तर कानावर हात ठेवा. बाजूच्या मध्य प्रदेशात निशा बांगरे डेप्युटी कलेक्टर होत्या, 2023 च्या जूनमध्ये राजीनामा दिला, मंजुरी ऑक्टोबरच्या शेवटी कोर्टकचेरीनंतर, तोवर आमल्याचं तिकीट दुसऱ्याला गेलं होतं. त्या तर अधिकारी होत्या, आपण कोण!

म्हणून राजीनामा हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला म्हणजे दिला असं होत नाही. मग दर आठवड्याला आस्थापना शाखेत जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते स्वतः बघा. चौकशी चालू नसल्याचं आणि येणं-देणं नसल्याचं पत्र लागतं ते आधीच मागून ठेवा. आणि क्वार्टरमध्ये राहता ना? उमेदवारी अर्जासोबतच्या फॉर्म 26 च्या शपथपत्रात मागच्या दहा वर्षांतल्या सरकारी घराचं भाडं, लाइट, पाणी, फोन यांची थकबाकी नसल्याचं द्यावं लागतं. क्वार्टर सोडताना मीटरचं शेवटचं रीडिंग लिहून घेतलेलं बरं.

वीस वर्षं सेवा झाली असेल तर राजीनामा बिलकुल नका देऊ, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्या. राजीनाम्याने जुन्या नियमांत मागची सगळी सेवा बुडते, पेन्शन गेली. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा नंतर लागलेल्यांचा एनपीएसचा, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचा, हिशेब वेगळा, तो आधी विचारून घ्या.

बाकी सोपं आहे. लोकसभेला वय 25, अनामत 25 हजार, एससी-एसटींना अर्धी, अपक्षाला दहा सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार. सूचक त्याच मतदारसंघातले पाहिजेत, यादीत नाव अन् नंबर स्वतः तपासा.

एक माझं ठाम मत. "मुंबईला चला, मी तिकीट बोलतो" म्हणणाऱ्या भाऊंपासून लांब राहा. मला खरं शिकवलं ते युनियनच्या जुन्या सिस्टरनी, अधिवेशनात मोर्चा काढायचा तर परवानगी कुठे, निवेदनावर पोच कोणाची घ्यायची, माइक कोणाच्या हातात द्यायचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या मागे फिरा. आणि थेट लोकसभेच्या नादी लागू नका, महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तिथून सुरू करा.

घाबरू नका जी. रात्री तीनला सलाइन संपलं म्हणून अंगावर येणारा नातेवाईक तुम्ही शांत केला आहे, प्रचारात दारावर शिव्या देणाऱ्याला कसं बोलायचं ते तुम्हाला येतंच. 2023 ची घटनादुरुस्ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होईल तेव्हा लोकसभेत एक तृतीयांश जागा बायकांना येतील, पक्ष नावं शोधत फिरतील. मी परत भरणार आहे, या वेळी मंजुरीचं पत्र पर्समध्ये आहे.